किटली एक होती की तीन?

सरकारी दवाखान्यातली बावीस वर्षांची नोकरी सुईणमावशीनं एका चापटीपायी सोडली. चापट तिला बसली नव्हती. कळांनी ओरडणाऱ्या एका पोरीच्या मांडीवर डॉक्टरनं मारली. दुसऱ्या चापटीसाठी उचललेला हात मावशीनं धरून खाली आणला. "माफी माग," असं वरून फर्मान निघालं. मावशीनं राजीनामा लिहून दिला आणि स्कूटरला बॅग अडकवून घरोघरी बाळंतपणं करू लागली. तोंडाची फटकळ. "कळा तुला, आणि बोंबलतोय तुझा नवरा!" असं म्हणून अडलेल्या बाईलाही हसवायची. हात मात्र असा हलका, की बाया म्हणायच्या, मावशीच्या बोटांना डोळे आहेत.

एका दुपारी गल्लीतल्या वेल्डरची आई अनवाणी धावत आली. "सून पडली हो. आठवा महिना आहे."

सून पलंगाशेजारी फरशीवर आडवी होती, खालची चादर रक्तानं चिंब. मावशीनं पोटावर हात ठेवला. कळ ओसरली की पोट मऊ पडतं. हे लाकडासारखं टणकच राहिलं. बरगडीखाली बुटाच्या टाचेचा निळा वण होता. लाथेनं बाळाची वार गर्भाशयापासून आतल्या आत सुटली होती.

"ही पडलेली नाही," मावशी म्हणाली. "गाडी बोलवा. ऑपरेशन लागेल, आत्ताच्या आत्ता."

वेल्डर दारात उभा होता. "कुठं न्यायचं नाही. काय ते इथंच कर."

"इथं दोघंही जातील रे!"

"आणि तिथं वण बघून पोलीस बोलावतील, त्याचं काय?" त्यानं कडी घातली आणि कोपऱ्यातली सळई उचलली.

मावशी तरीही कडीकडे गेली. सळई तिच्या डाव्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, दुखणं मागून. ती गुडघ्यांवर कोसळली. पाठीत एक लाथ बसली, मग दुसरी. तेवढ्यानंही भागलं नाही, तो सळई घेऊन बायकोकडे वळला. "हिच्यापायी झालं सगळं!"

शेगडीवर सासूनं ठेवलेली किटली खदखदत होती. मावशीनं उजव्या हातानं ती उचलली आणि सगळं पाणी त्याच्या तोंडावर भिरकावलं.

तो गुरासारखा ओरडला. दिसेनासं झालं तसा सळई टाकून वाटेल तिथं गुद्दे हाणू लागला. एक आईच्या जबड्यावर बसला. म्हातारीनं तोंडातलं रक्त थुंकलं, पडलेली सळई उचलली आणि त्याच्या नडगीवर दोन तडाखे घातले. तो खाली बसला, तेव्हा तिनंच कडी काढली.

दार उघडताच शेजारी आत घुसले. दोघांनी सुनेला चादरीसकट टेम्पोत ठेवलं. "त्याला नळाखाली धरा," जाताजाता मावशी ओरडली. "वीस मिनिटं. डोळे मिटू देऊ नका!" त्याच्यावरचा संताप मावत नव्हता, तरी हे सांगितल्याशिवाय तिला निघवेना.

सून वाचली. मुलगी पोटातच गेली होती.

वेल्डरचा एक डोळा गेला. हवालदार जबाब घ्यायला दवाखान्यात आला.

"पाणी कोणी ओतलं?"

"मी," प्लास्टर घातलेली मावशी म्हणाली.

"मी," सुजल्या तोंडानं सासू म्हणाली.

"मी," खाटेवरून सून.

हवालदारानं कपाळाला हात लावला. "अहो, किटली एक होती की तीन?"

कोर्टात मावशीनं खरं तेच सांगितलं. जीव वाचवायला केलं म्हणून ती सुटली. वेल्डरला सात वर्षांची शिक्षा झाली. मनगट वाकडंच जुळलं. आता बाळंतपणाला जिथं जायची तिथं ती आधी तो हात दाखवायची, पटलं तर ठेवा म्हणायची. काहींनी दार लावून घेतलं, बऱ्याच जणींनी नाही.

सून सासूबरोबरच राहिली. निकालाच्या कितीतरी आधी, ऑपरेशननंतर सव्वा महिन्यानं, मावशी तिचे टाके बघायला गेली होती.

"मला कोणी सांगत नाही, मावशी. तुम्ही पाहिलंत ना तिला? कशी होती?"

सासू भांडी घासायची थांबली.

"केस दाट होते," मावशी म्हणाली. "कपाळ थेट तुझं. बोटं लांब, अशी. उजव्या कानाशी बारीकसा तीळ होता."

"अजून सांगा."

मावशीनं बॅग खाली ठेवली आणि तिच्याजवळ बसली.