मामांची हायब्रिड आणि खिडकीतली वायर

आमच्या मामांबद्दल त्यांच्या बिल्डिंगमध्ये अशी बातमी आहे की त्यांनी हायब्रिड गाडी घेतली खरी, पण ती चार्ज कुठे करायची हे विचारायचंच राहून गेलं. म्हणून दर रविवारी ते पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर खाली सोडतात आणि गाडीत खुपसतात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी हे स्वतः पाहिलंय. "मागच्या सीटखाली घालतो हो! चष्मा लावून बघितलं मी."

वायर खरी, खिडकीही खरी. फक्त वायरच्या दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर असतो. मामांच्या गाडीला प्लगच नाही. तिची बॅटरी चालता चालता भरते, ब्रेक लावला की जास्त भरते. मागच्या सीटपाशी त्या बॅटरीला हवा जायची एक जाळी असते. तिच्यात धूळ बसली की बॅटरी तापते, म्हणून मामा गुडघ्यांवर बसून ती धूळ ओढून काढतात. इतक्या निगुतीने, की मामी वरून ओरडतात, "अहो, हाच हात कधीतरी पंख्यावरून फिरवा!"

एका जाळीचे एवढे लाड कशासाठी, ते कळायला आधी मामांचा उजवा पाय समजून घ्यावा लागतो.

मामा रक्त वाहून नेतात. म्हणजे रोज सकाळी बावीस दवाखान्यांत जाऊन रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या, थंड पेटीत लावायच्या आणि लॅबमध्ये पोचवायच्या. एकोणीस वर्षं हेच काम, गाडी स्वतःची. नळ्यांना हिसके बसले तर रक्त खराब होतं आणि पेशंटला पुन्हा बोलवावं लागतं. मामा म्हणतात, "कसं आहे ना..." इथे ते इतका वेळ थांबतात की सिग्नल लाल होऊन परत हिरवा होतो. "...मी कचकन ब्रेक मारला, की कुणाच्या तरी दंडात दुसऱ्यांदा सुई जाते." त्यामुळे पुढचा सिग्नल नुसता पिवळा दिसला तरी मामा पाय उचलतात आणि ब्रेकवर असा ठेवतात, जणू खाली कुणी झोपलंय. मागचे हॉर्न वाजवतात. मामांना ते ऐकू येत नाहीत.

मागच्या वर्षी लॅबने जुन्या गाड्या बंद केल्या. महिन्याभरात नवी घ्या, नाहीतर फेरी दुसऱ्याला. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या समोर होत्या, एक साधी पेट्रोल आणि एक हायब्रिड. मधला फरक बरोबर तेवढा, जेवढा मामींनी बाल्कनी बंद करून शिलाईची खोली करायला साठवला होता. मामींची मशीन हॉलमध्ये, सोफा आणि टीव्हीच्या मध्ये. मापं द्यायला आलेल्या बायका बातम्या बघत उभ्या राहतात.

शोरूममधला मुलगा मामांना चिकटला. "सर, टेक्नॉलॉजी आहे सर. गाडी विचार करते सर."

"ती विचार करणार, मग मी काय करू?" मामा म्हणाले. पण पंधरा मिनिटं चालवून बघितल्यावर खाली उतरेनात. घरी येऊन मामींना म्हणाले, "तुझी खोली पेट्रोलमधून परत काढून देतो."

मामींनी तोंडातली टाचणी काढली. "किती वर्षांत?"

गाडी मात्र आली. पहिल्या दिवशी सिग्नलला इंजिन आपोआप गप्प झालं, तेव्हा गाडी बंद पडली असं वाटून मामांनी बटण दाबलं. गाडी तोवर चालूच होती, ती आता खरोखर बंद झाली. हे तीन सिग्नलला झालं. चौथ्याला त्यांनी हात मांडीखाली दाबून ठेवला.

खरा तोफखाना सुरू केला नटबोल्टने. नटबोल्ट म्हणजे मामांचा शाळेपासूनचा मित्र, गॅरेजवाला. त्याच्याकडे तेच मॉडेल, साधं पेट्रोल. "अरे, एका गाडीत इंजिनही आणि मोटरही? एका घरात दोन सासवा आणल्यास तू! लिहून घे माझ्याकडून, बॅटरी बसेल आणि वहिनींची खोली बुडेल." हे तो मामींसमोर म्हणाला. मामींची मशीन थांबली. ते थांबणं मामांना बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

सुट्टीला मी तिथेच होते आणि नटबोल्टच्या बाजूची होते, कारण मी सगळ्यांच्या नकला करते आणि त्याची जास्त चांगली जमते. मी पैज लावली. सकाळच्या एका फेरीत दोन्ही गाड्यांच्या पेट्रोलमध्ये एक लिटरचासुद्धा फरक पडणार नाही. मामा हरले, तर त्यांनी सगळ्यांसमोर नटबोल्टची नक्कल करायची. मी हरले, तर महिनाभर मामांची नक्कल बंद. निकाल मामी देणार.

दोन्ही गाड्या एकाच पंपावर काठोकाठ भरल्या. मामा पुढे नळ्या घेऊन, नटबोल्ट मागे रिकामा, मी त्याच्या शेजारी. बावीस थांबे, चोपन्न किलोमीटर. मामा पाय उचलायचे, नटबोल्ट कचकन दाबायचा. "चालवतोय की लोटतोय हा?" पंपावर परत टाक्या भरल्या. मामांच्या गाडीत दोन लिटर चारशे मावलं. नटबोल्टच्या गाडीत चार लिटर सहाशे.

"हे गाडीचं नाही, याच्या पायाचं आहे!" नटबोल्ट ओरडला. "उद्या अदलाबदल!"

मामा लगेच म्हणाले, "कसं आहे ना... तो बरोबर बोलतोय." जिंकलेल्या माणसाने असं बोलू नये, पण बोलले.

दुसऱ्या दिवशी पेटी नटबोल्टच्या गाडीत ठेवून मामांनी फेरी केली. तीन लिटर आठशे. मागून हायब्रिड हाकत आलेला नटबोल्ट, तीन लिटर तीनशे. आता फरक उरला अर्ध्या लिटरचा. मी आणि नटबोल्टने टाळ्या दिल्या. मामांचा चेहरा उतरला. त्यांना पैजेचं काहीच नव्हतं. ते घराच्या दिशेने बघत होते.

मामींनी चारही पावत्या मशीनवर मांडल्या, कापड बेतावं तशा. "माणूस बदलून गाड्यांची मापं घेतात का? एकाच्या अंगाचं माप, दुसऱ्याचा सदरा? हे दोन्ही गाड्यांत काय जाळतात ते बघा. तीन आठशे आणि दोन चारशे. रोजचा एक लिटर चारशेचा फरक." मग नटबोल्टकडे वळल्या. "तुमचाही एक तीनशेचा आहे, भावोजी. फक्त तुम्ही दोन्हीकडे जास्तच जाळता."

कॅलेंडरच्या मागच्या बाजूला त्यांनी गुणाकार केला. "पावणेपाच वर्षं. तेही रोज गावातली फेरी केली तर."

"हायवेवर ती साध्या गाडीसारखीच," मामांनी प्रामाणिकपणे भर घातली. "ताईकडे जाताना बघितलंय. ब्रेकच लागत नाही, तर भरणार काय?"

"मग हायवेची कामं घ्यायची नाहीत. आणि पावणेपाच वर्षं बॅटरीला काही होता कामा नये. नटबोल्टभावोजी, तिला काय लागतं?"

नटबोल्टने डोकं खाजवलं. हरल्याचं त्याला एवढं वाटलं नाही, वहिनी सल्ला विचारतायत याचंच जास्त वाटलं. "हवा, वहिनी. मागे जाळी असते. ती साफ ठेवा."

त्या रविवारपासून खिडकीतून वायर उतरते. खोली अजून कॅलेंडरच्या मागेच आहे. मामी मात्र आता वरून विचारतात, "कोपऱ्यात घातलात का पाइप?"

माझ्या पैजेचा निकाल मामींनी जाता जाता दिला. एक लिटरपेक्षा जास्त, म्हणजे मी हरले. आज सव्विसावा दिवस. काल मामांबरोबर फेरीला गेले होते. सिग्नलला इंजिन गप्प झालं, मामा म्हणाले, "कसं आहे ना..." आणि थांबले. पुढचा सगळा सिग्नल मी ओठ दाबून बसले. मामांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि हिरवा झाल्यावरही वाक्य पुरं केलं नाही.