चादरीखालचा पाय

ती खोड पिल्लाला मीच लावली, हे आधी कबूल करते. मांजरीचं ते पिल्लू घरात आलं तेव्हा मुठीएवढं होतं. चादरीखाली बोटं हलवली की कान मागे टाकून झेप घ्यायचं आणि मला हसू फुटायचं. महिन्याभरात माझी मनगटं ओरबाड्यांनी भरली. ओरडले तर ते आणखी चेकाळायचं. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी मलाच झापलं. हातापायांनी खेळवायचं नाही, दोरीला चिंधी बांधून खेळवायचं, दात लागले की खेळ तिथंच मोडून उठून जायचं. मी ऐकलं. पिल्लू मात्र चादर विसरलं नव्हतं.

घरात मी आणि माझे वडील, दोघंच. आबांचा जन्म मंगळवेढ्याच्या काळ्या रानात गेलेला, सोलापुरात माझ्याकडे आले तरी पायात चप्पल नाही. भर मे महिन्यात दुपारी गच्चीवर ज्वारी पसरायला जायचे, तेही अनवाणी. शेजारणी हळहळायच्या. त्यांचे तळवे दगडाचे आहेत, असं मी तोऱ्यात सांगायचे. त्यांच्या मधुमेहाची गोळी रोज हातावर ठेवत होते, म्हणजे काळजी घेतेच आहे, अशी माझी समजूत.

त्या सकाळी थंडी होती. आबा पायावर चादर घेऊन कॉटवर पेपर वाचत होते. मी चहा घेऊन आले तर चादरीत फुगवटा आणि पिल्लाचं शेपूट तेवढं बाहेर.

"आज लई शांत हाय गं," आबा म्हणाले. "कवाचं पायाशी गप निजलंय."

चादरीवर लाल डाग पसरत होता. कप कुठं ठेवला ते आठवत नाही. मी चादर ओढली. पिल्लानं आबांचा अंगठा दोन्ही पंजांत धरला होता आणि मागच्या पायांनी लाथा झाडत ते चावत होतं. रक्त टाचेपर्यंत ओघळलेलं. आबा पेपरावरून माझ्याकडे बघत होते, काय झालं म्हणून मलाच विचारत होते. मी पिल्लाला मानगुटीला धरून सोडवलं.

दवाखान्यात जखम धुतली, इंजेक्शन दिलं. मग डॉक्टरांनी आबांना डोळे मिटायला लावले. तळव्याला दोऱ्याचं टोक लागलं की हो म्हणा, असं सांगितलं. बोटं झाली, चवडा झाला, टाचही झाली. आबा डोळे मिटून शहाण्या पोरासारखे वाट बघत बसलेले.

"लावा की आता," आबा म्हणाले.

परत येताना रिक्षात मी पिल्लाच्या नावानं बोटं मोडत होते. आजच कुणाला तरी देऊन टाकते, असं दहादा म्हटलं. खरा राग माझा मलाच आला होता. ती तापलेली गच्ची डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"त्याला कशाला घालवतीस," आबा म्हणाले. "त्यानं सांगितलं तरी. माझ्या पायानं न्हाय सांगितलं."

पिल्लू राहिलं. आबांच्या पायात घरातसुद्धा चप्पल आली. दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर तळवे तपासायला मी त्यांच्यापुढे बसले. पिल्लू कोपऱ्यात चिंधीशी झटत होतं. न सांगताच आबांनी डोळे मिटले.

"करंगळी," ते म्हणाले. "कळलं मला."

मी अजून पायाला हातही लावला नव्हता.