हळकुंड, सोयाबीन आणि माझी समता

आमच्या घराण्यात समता एकदाच आली. ती मी आणली.

दिवाळीत डोंगरकड्याला आत्याकडे जमलो होतो. आतेभाऊ सचिन पुण्याहून पोकर शिकून आला होता, पण चिप्स तिकडंच विसरला होता. मी जुगाराविरुद्ध पत्रकं वाटणारा माणूस (तीन गावांत, स्वखर्चानं), त्यामुळं पैसे लावू देणं शक्यच नव्हतं. मग ठरलं: सोयाबीनचा दाणा म्हणजे एक, हळकुंड म्हणजे दहा. ज्याच्या चिप्स आधी संपतील, त्यानं संध्याकाळी सगळ्या घराच्या भाकरी थापायच्या. पुरुषांनी भाकरी थापाव्यात, असं पत्रक मी काढलं होतं. थापली मात्र एकही नव्हती.

चौथ्या डावाला मी मूठभर दाणे मधल्या ढिगात भिरकावले.

"फेकायचं न्हाई, दादा," सचिन म्हणाला. "आधी किती ते बोलायचं, मग आपल्यापुढं मांडायचं. बोललं की बदलायचं न्हाई. आन् हळकुंडं पुढं, दाणे मागं. मोठा माल दिसला पाहिजे."

"मोठे पुढं, छोटे मागं? काहून?" मी ताडकन उठलो. "दोन्ही एकाच मातीतले. पुढच्या डावापासून सगळ्या चिप्स बराबर!"

आत्यापुढं हळकुंडांची रास होती. तीच जिंकून राहिली होती. सगळ्यात जास्त नुकसान तिचं, आणि तीच म्हणाली, "खरं हाय लेकराचं."

माझा ऊर भरून आला. एवढा त्याग मी पत्रकातसुद्धा कुणाकडून मागितला नव्हता.

"आदी मला सुट्टे दे," ती म्हणाली. "आजून तर जुनाच भाव हाय ना? एकाला दहा."

मी खुशीत माझे सगळे दाणे मोजून दिले आणि तिची हळकुंडं घेतली. मग हात वर झाले. ठराव एकमतानं पास. सचिन पत्त्यांआड तोंड लपवून हसून राहिला होता.

तेव्हा मी खाली पाहिलं. आत्यापुढं दाण्यांचा डोंगर. माझ्यापुढं सात हळकुंडं. सत्तरची आता सात!

"आत्या, हे..."

"बोललं की बदलायचं न्हाई, लेकरा."

तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नव्हती. मी कितीतरी पुढारी जवळून पाहिलेत; विरोधकाच्याच भाषणावर इतक्या शांतपणे सभा जिंकणारं माणूस पाहिलं नव्हतं. मी भारावून बघत राहिलो, आणि भारावलेलाच पुढच्या डावात संपलो.

संध्याकाळी आत्यानं टोपल्यातली एकेक भाकरी उलटून पाहिली.

"सगळ्या बराबर जळल्यात," ती कौतुकानं म्हणाली. "बोलला ते करून दाखवलं पोरानं."