दारावरचं शून्य

दुष्काळी माण तालुक्यात 'कोरडा दिवस पाळा' म्हणून सांगत फिरायचं काम माझ्या नशिबी आलंय. हसा, खुशाल हसा. आठवड्यातून एकदा घरातली पाण्याची सगळी भांडी रिकामी करून, घासून, उन्हात वाळवायची. म्हणजे डासाच्या अळ्या मरतात, डेंग्यू होत नाही. हे ज्यानं ठरवलं त्याच्या नळाला रोज पाणी येत असणार. आमच्याकडं नवव्या दिवशी येतं, तेही आलं तर.

मी गावची आशा सेविका. टॉर्च घेऊन घरोघरी बॅरलमध्ये वाकून बघायचं आणि किती भांड्यांत अळ्या सापडल्या तो आकडा खडूनं दारावर लिहायचा.

गाद्या भरणाऱ्या चाचीची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना. त्यांच्या बॅरलमध्ये टॉर्च मारला तर नुसती वळवळ. अळ्यांचं औषध माझ्याकडचं संपलेलं. म्हटलं, "चाची, ओतावं लागतंय."

चाचीनं दोन्ही हातांनी बॅरलच धरलं. "आगं, पाणी यायला आजून चार दिस हायेत. पोटुशी पोर हाय घरात, तिला काय मातीनं आंघोळ घालू? आमच्यात रोजच कोरडा दिवस हाय, बाय!"

आतून लेक खो खो हसली. मलाही हसू आलं, आणि तिथंच मी फसले.

लेकीच्या ओढणीनं पाणी गाळून परत त्याच बॅरलमध्ये भरलं. अंडी कडेला चिकटून राहतात, घासल्याशिवाय निघत नाहीत, हे मला तोंडपाठ होतं. तरी दारावर एकाऐवजी शून्य लिहिलं. एक लिहिला असता तर आरोग्य खात्याचे साहेब येऊन पाणी ओतून गेले असते.

दोन आठवड्यांत लेकीला ताप भरला. डेंग्यूच निघाला. साताऱ्याला नेलं. आधी पोटातलं बाळ गेलं, मग ती.

नंतर गेले तेव्हा वाटलं, चाची मला चपलेनं हाणणार. हाणायलाच पाहिजे होतं. तिनं तांब्याभर पाणी पुढं केलं. माझी मलाच शिसारी आली.

ते शून्य चाची पुसू देत नाही. नवा आकडा दाराच्या दुसऱ्या फळीवर लिहायला लावते. दर वेळी शून्यावर बोट ठेवून विचारते, "म्हंजी आमच्या पाण्यात काय न्हवतंच, व्हय गं? ओढणीत घावलं ते दुसरंच कायतरी आसंल. न्हाईतर तू लिवलं आसतंस की."

"व्हय चाची, काय न्हवतं," मी म्हणते. दर आठवड्याला म्हणते.