झाकणाच्या आतलं अक्षर

चूक माझी होती. गोखिवऱ्याच्या आमच्या कारखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरची मेमरी वाढवताना मी त्याला जोडलेलं मशीन चालवणारं कार्ड काढून भलत्याच खाचेत बसवलं, आणि काम थांबल्यावर शेठना सांगितलं, “मागच्या वेळी दुरुस्तीवाल्याने बिघडवलं.”

सांडोरचा तो दुरुस्तीवाला आला. नेहमीप्रमाणे आधी अंगातली स्थिर वीज उतरवायला लोखंडी खिडकीला हात लावला, मेमरीच्या पट्ट्या खोडरबरने पुसल्या. कार्डाची जागा त्याने पूर्वीच कॉम्प्युटरच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवली होती. ती वाचून त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. कार्ड योग्य खाचेत हलवून त्याचा ड्रायव्हर प्रोग्रॅम पुन्हा टाकला. मशीन सुरू झालं.

“जुनं हाय, शेठ. रुसतं कदी कदी,” तो म्हणाला.

“पुढच्या वेळी दुसरा माणूस बघू,” शेठ म्हणाले. तो झाकणाचे स्क्रू आवळू लागला.

माझी चूक पोटात घालणारा असा कारागीर आमच्याकडे येतो, याचा मला केवढा अभिमान. राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, “शेठ, कार्ड मी हलवलं होतं. दादा, मला माफ करा.”