जांभळ्या टोपणाची बाटली

गेल्या मंगळवारी सकाळी कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर थर्माकोलचा एक डबा घ्यायला गेले होते. आत बर्फाची पाकिटं आणि मालवणकडच्या एका समुद्री कासवाचं रक्त. डबा हातात देताना कंडक्टरनं विचारलं, "मासं हाईत की काय?" मी हसून मान हलवली... त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

मी जनावरांची डॉक्टर. कागल रोडला माझी छोटीशी लॅब आहे. येतं ते म्हशीचं रक्त, गाईचं, फार तर एखाद्या लाडावलेल्या कुत्र्याचं. समुद्राशी आमचा संबंध बांगड्यापुरताच.

पण तन्वी माझ्याकडे वर्षभर शिकायला होती आणि आता तिकडे किनाऱ्यावर प्रॅक्टिस करते. रविवारी तिचा फोन आला. एका मच्छीमाराच्या जाळ्यात मोठं कासव अडकलं होतं, त्यानं स्वतःचं जाळं कापून त्याला सोडवलं होतं. कासव जिवंत होतं, पण मान उचलत नव्हतं. जाळ्यात गुदमरलंय की आधीपासूनच आजारी आहे ते कळेना, आणि त्यावरच औषध ठरणार होतं.

मी म्हटलं, रक्त पाठव. तिनं विचारलं, "मॅडम, जांभळ्या टोपणाचीच बाटली ना? की हिरवी?" मी नेमकी एका म्हशीच्या रिपोर्टवर सही करत होते... "अगं, जांभळीच. एवढं पण विसरलीस का?" वर तिलाच झापलं. सोमवारी संध्याकाळी तिनं रक्त काढलं आणि बसनं पाठवलं.

मंगळवारी डबा उघडला तो आमच्या सुभाषरावांनी. वीस वर्षं ते माझ्या लॅबमध्ये आहेत. बाटली उजेडात धरून बघत बसले. "मॅडम, हे काय खरं न्हाय. पार काळं पडलंय की सगळं."

एक थेंब काचेवर घेऊन मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. पेशी फुटलेल्या... एकही धड नाही. आणि तेव्हा आठवलं. जांभळ्या बाटलीतलं औषध म्हशीचं रक्त छान टिकवतं, कासवाच्या रक्तपेशी मात्र त्यात फुटतात. त्यांना हिरवीच बाटली लागते. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कसुद्धा मिळवले होते.

वीस वर्षं जांभळी, जांभळी म्हणत आले. हाताला सवय लागली आणि डोकं वापरायचं राहून गेलं. पोरीला बरोबर शंका आली होती, ती मी दटावून गप्प केली... याचा मला जास्त राग येतो.

लगेच तन्वीला फोन लावला. "चूक माझी आहे, हिरव्या बाटलीत परत काढ." ती एवढंच म्हणाली, "काढते." अर्ध्या तासानं तिचाच फोन आला. कासव गेलं होतं.

वनखात्याच्या परवानगीनं तिनं शवविच्छेदन केलं. पण परवानगी येईपर्यंत दुपार उलटली होती, उन्हानं शरीर खराब झालं होतं, त्यातून ठोस काही कळलं नाही. किनाऱ्यावरच त्याला पुरलं.

मला वाटलं, संपलं. गुरुवारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. तोच मच्छीमार, तन्वीकडून माझा नंबर घेऊन. नमस्कार वगैरे काही नाही, थेट, "मॅडम, माज्या जाळ्यान मेला काय ता?"

'नाही हो, ते आजारीच होतं' असं सांगणं सोपं होतं. तोंडावर आलंही होतं. पण ते खरं आहे हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसण्याला मीच कारण होते. मग सगळं सांगितलं. बाटलीचं, टोपणाचं, तन्वीला झापल्याचं.

मला वाटलं, आता शिव्या देतील. ते म्हणाले, "म्हंजे तुमकाव झोप नाय." तुमकाव, म्हणजे तुम्हालाही. आणि फोन ठेवला.

सुभाषरावांनी हिरव्या बाटल्यांचा अख्खा बॉक्स मागवून पहिल्या खणात ठेवलाय, वर मोठ्या अक्षरात 'कासव' लिहून. तन्वीची मी माफी मागितली. ती "असू दे मॅडम" म्हणाली... त्यानं बरं वाटलं नाही.

त्या मच्छीमारांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, त्याबद्दल त्यांचे आभार मानते. पण ते रोज त्याच समुद्रात जाळं टाकतात, आणि टाकताना त्यांच्या मनात काय येत असेल ते मला कळतं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या बाटलीत माझ्यापर्यंत येणार होतं... ते मीच नासवलं.