वरनं काढलेला फोटू

आमच्या साताऱ्याच्या कॉलेजात भूगोल विभागाला जोतीराम नावाचा शिपाई होता. शहात्तर साली विभागाकडे उपग्रहानं काढलेला सातारा-सांगलीचा मोठा रंगीत फोटो आला. फोटो एकच आणि मागणारी कॉलेजं चार, म्हणून तो सगळ्यांनी आळीपाळीनं वापरायचा असं ठरलं. कधी कोरेगाव, कधी तासगाव. पत्र्याच्या नळीत घालून पोचवायचं काम जोतीरामकडे. एसटीत ती नळी तो मांडीवर घेऊन बसे आणि कुणी विचारलंच तर म्हणे, "ह्यात दोन जिल्हे हायती." माणूस भला, पण मिरवायचा भारी सोस. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं मी त्याला तोंडावर म्हणत असे. तो नुसता हसे.

वर्गाच्या दारात उभं राहून त्यानं तीन गोष्टी पाठ केल्या होत्या. लाल दिसतं ते हिरवं पीक, काळं ते पाणी, आणि पांढरं म्हणजे मीठ फुटून खराब झालेली जमीन.

त्याची भाची हरणा हिला तासगावकडचं स्थळ आलं. मुलगा कृष्णात. हरणाच्या मनात तो भरला होता, पण बापापुढं बोलायची सोय नव्हती. तिनं मामाला गाठलं. "मामा, तुमीच आबांस्नी सांगा की."

मामानं ते सांगायचं सोडून नळीतला फोटोच त्यांच्यापुढं उलगडला. हरणाचे वडील, म्हणजे त्याचे मेहुणे लालासाहेब, फौजेतून हवालदार होऊन आलेले, नकाशापुढं मान तुकवणारे. कृष्णातच्या गावावर पांढरा डाग होता आणि त्याला लागूनच काळा.

"दाजी, हितं पानी साचलंय, आन् शेजारी मीठ फुटलंय."

"मी जमीन बघून आलोय की. काळीभोर हाय."

"खालनं तसंच दिसतंय. ह्यो फोटू वरनं काढलाय."

यात भाचीची काळजी होतीच, पण मिरवणं जास्त होतं. स्थळ मोडलं. हरणा मामाशी बोलेनाशी झाली आणि कोरेगावच्या स्थळाची सुपारी फुटली.

लग्न तोंडावर आलं असताना जोतीराम फोटो घेऊन तासगावला गेला. तिथल्या सरांनी त्याच डागावर पट्टी ठेवली. "हा ढग, आणि ही काळी त्याची सावली. फोटो काढला तेव्हा होता, दुपारपर्यंत गेलाही असेल."

फोटोचं एक टोक जोतीरामच्या हातात होतं. "सर, मग मीठ कुठलं?"

"इथं कुठलं मीठ? चांगली जमीन आहे ही."

तो मिळेल त्या गाडीनं लालासाहेबांकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. लालासाहेबांनी उठून आधी दार लोटून घेतलं.

"आता काय उपेग? त्या पोराचंबी दुसरीकडं जमलंय. पर हरणाला कळू देऊ नगंस. जमीनच वाईट व्हती म्हणून तिनं मनाची समजूत घातलीया. त्येवढ्यावरच ती नांदंल."

हे सारं त्यानं मला सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. चूक कबूल करायला गेला आणि ती जन्मभर पोटात ठेवायची शिक्षा घेऊन आला.

लग्नात रिवाजाप्रमाणे तो मामा म्हणून हरणाच्या पाठीशी उभा राहिला. मी अक्षता घेऊन जवळच होतो. अंतरपाट धरला गेला तशी तिनं मान जराशी मागं वळवली.

"मामा, लय राग धरला व्हता मी तुमच्यावर. पर तुमी बघितलंसा म्हणून वाचले. न्हाईतर मिठात जल्म गेला असता माझा."

जोतीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "व्हय, बाळ," एवढंच तो म्हणाला आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत रडत राहिला.

मामाची किती माया बघा, असं बायका एकमेकींना सांगत होत्या.